चाकाखालचा डोंगर पडद्यावर कसा येतो?

शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना दारे बसवत नाहीत. चौकट असते, फार तर तिच्यावर पडदा असतो. फळ्या, कडी, कोयंडा काही नाही. २०११ साली युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. भाविकाच्या लेखी हा श्रद्धेचा विषय आहे. व्हिडिओ गेम बनवणाऱ्याला मात्र हे गाव पाहून घाम फुटेल. ज्या खेळांत आपण गावभर, रानभर हवे तिथे हिंडू शकतो, त्यांतल्या बहुतेक घरांना आत असा भागच नसतो. चार भिंती, वर छप्पर आणि समोर दाराचे चित्र. दार बंद दिसले की आतली चूल, मांडणी, देव्हारा, खाट यांतले काहीच बनवावे लागत नाही. दार हे गेमवाल्याच्या बचतीचे साधन आहे, आणि शिंगणापुरात ती बचतच बंद. जितकी घरे तितकी अंतरंगे बनवा, नाहीतर घरोघरी पडदे सोडा.

गावाबाहेर पडले की उलटे होते. नेवासे तालुक्यातला हा भाग सपाट, उसाचा आणि कांद्याचा. खेळासाठी याहून सोपी जमीन नाही. इथून सरळ पश्चिमेला, जवळजवळ त्याच अक्षांशावर, सुमारे ११० किलोमीटर अंतरावर याच जिल्ह्यातला हरिश्चंद्रगड उभा आहे. समजा, कुणी अहिल्यानगर जिल्ह्याचा खेळ करायला घेतला: नेवाशाच्या सपाटीवरून सायकल काढायची, अकोले तालुक्याच्या डोंगरांत शिरायचे आणि हव्या त्या सोंडेवरून खाली सुटायचे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सर्वांत मोठे. प्लेस्टेशन ५ सारख्या यंत्राची चालू स्मृती १६ जीबी. एवढा डोंगर त्यात मावतो कसा?

याचे नेहमीचे उत्तर असे, की उपग्रहांनी सगळी जमीन मोजून ठेवली आहे, संगणक बलाढ्य झाले आहेत, तेव्हा डोंगर आयताच मिळतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. उपग्रहाकडून मिळतो तो डोळ्यांपुरता डोंगर. सायकलीचा खेळ चालतो चाकापुरत्या डोंगरावर, आणि हा दुसरा डोंगर वाट ठाऊक असलेल्या माणसावाचून अजूनही बनत नाही.

कांद्याच्या ढिगावरची ताडपत्री

ज्या खेळात ठरलेली शर्यतीची पट्टी नसते, कुठूनही कुठेही जाता येते, त्याला ओपन वर्ल्ड म्हणतात. डोंगरी सायकलींचे ठळक उदाहरण म्हणजे युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या ॲनसी स्टुडिओने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलेला ‘रायडर्स रिपब्लिक’. अमेरिकेतली योसेमिटी, सेकोया, झायन, ब्राइस कॅनियन, कॅनियनलँड्स, ग्रँड टेटन आणि मॅमथ माउंटन ही ठिकाणे त्यात एकाच नकाशावर आहेत. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांमध्ये शेकडो किलोमीटरची अंतरे आहेत. खेळात ती शेजारी शेजारी शिवली आहेत. भूगोलाच्या शिक्षकाने कपाळाला हात लावावा असा हा नकाशा, पण त्यातले डोंगर खऱ्या भौगोलिक मोजमापांवरून उचललेले आहेत.

ही मोजमापे येतात कुठून? फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीच्या उंच्या मोजल्या. पुढे २००५ मध्ये इस्रोने कार्टोसॅट-१ सोडला. त्याचे दोन कॅमेरे एकाच जमिनीकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहत, आणि दोन चित्रांतल्या फरकावरून उंची काढता येई. दोन्हींतून मिळणारा मोफत माल साधारण एकाच जातीचा आहे: जमिनीवर दर तीस मीटरला एक बिंदू, आणि त्या बिंदूची समुद्रसपाटीपासूनची उंची. अशा आकड्यांच्या तक्त्याला हाइटमॅप, म्हणजे उंचीचा नकाशा म्हणतात. खेळाचे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी मूळ प्रणाली, हे बिंदू त्रिकोणांनी जोडते आणि त्या जाळीवर गवत, माती, खडक यांची चित्रे चढवते. झाला डोंगर.

पावसाळ्याच्या तोंडाशी कांद्याच्या ढिगावर ताडपत्री टाकतात. तिच्याकडे पाहून ढीग केवढा, शिखर कुठे, उतार कुठल्या बाजूला हे सगळे कळते. खालचा एकेक कांदा दिसत नाही, आणि ढिगाच्या पोटात कुठे पोकळी असेल तर तिचाही पत्ता लागत नाही. हाइटमॅपचे नेमके हेच आहे. एका जागेला एकच उंची; त्या उंचीच्या खाली काय आहे हे विचारायची सोयच त्यात नाही.

अकोल्यात तीन ठिकाणी फजिती

ही मर्यादा समजून घ्यायला अकोले तालुक्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. पहिले ठिकाण हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. हा कडा नुसता सरळ तुटलेला नाही, तो पोटात आत गेलेला आहे. माथ्यावर पालथे पडून खाली पाहिले तर कड्याचे पोट दिसत नाही, थेट कोकण दिसते. आता एका जागेला एकच उंची देणाऱ्या तक्त्याने हा बाक सांगावा कसा? कड्याची कडा आणि तिच्या खालची हवा एकाच बिंदूवर येतात. तक्ता वरची उंची नोंदवून मोकळा होतो, आणि आत वळलेला कडा उभी भिंत होऊन बसतो. त्यातही शेजारच्या दोन बिंदूंमध्ये तीस मीटरचे आडवे अंतर आणि शेकडो मीटरची उभी तफावत आली, की तेवढ्या सगळ्या खडकाला मोजके लांबुळके त्रिकोण वाट्याला येतात. त्यांवर चढवलेले खडकाचे चित्र ओढले जाऊन उभ्या रेघारेघांचे होते. जुने खेळ खेळलेल्यांना हे ओघळलेले कडे चांगले आठवत असतील.

दुसरे ठिकाण रतनगडाचे नेढे. माथ्याच्या खडकाला आरपार पडलेले हे भोक, ज्यात माणसे सावलीला बसतात. हाइटमॅपमध्ये ते बुजलेलेच असणार, कारण वर खडक, मध्ये हवा, खाली पुन्हा खडक अशा तीन थरांना लागतात तीन आकडे, आणि जागा असते एकाचीच. तिसरे ठिकाण साम्रदजवळची सांदण दरी. ही खोल घळ काही ठिकाणी दोन-तीन माणसांपुरतीच रुंद आहे. तिथे हवा आणि खडक यांचा घोळ नाही, अडचण निराळीच आहे: तीस मीटरवर रोवलेल्या दोन बिंदूंच्या मधून ती निसटते. त्यातून रडार तिरके पाहते, त्यामुळे अरुंद दऱ्यांचे तळ त्याच्या सावलीत जातात. २०००च्या मोजणीत तीव्र उतारांवर अशी रिकामी भोके राहिली होती आणि ती नंतर इतर माहितीने भरावी लागली.

सह्याद्री या कामात जास्त नाठाळ ठरतो, त्याला कारण आहे. तो लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनला आहे. कठीण थराचा कडा तुटतो, मऊ थराचा उतार पसरतो. मग पुन्हा कडा, पुन्हा उतार. गोलसर टेकड्यांच्या मुलखात तीस मीटरची जाळी बरेच काम भागवते. इथे मात्र डोंगराचे सगळे रूप त्याच्या तुटलेपणात आहे, आणि नेमके तेच जाळीतून गळते.

उपाय नाहीत असे नाही. इंजिनमध्ये हाइटमॅपला भोक पाडता येते आणि तिथे वेगळा घडवलेला खडक बसवता येतो. कोकणकड्याचे पोट, नेढ्याची कमान, सांदणीच्या भिंती अशा एकेक करून त्रिमितीत घडवायच्या आणि ताडपत्रीला जोडायच्या. अमेरिकेतल्या कॅनियनलँड्समध्येही दगडी कमानी आहेत. तिथल्या डोंगराचा खेळ करणाऱ्यालाही यातून सुटका नाही. पण कुठे भोक पाडायचे हे तक्ता सांगत नाही. ते ठिकाण पाहिलेल्याने सांगावे लागते.

चौकट: जिल्ह्याचे गणित
क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. प्रत्येक उंचीला २ बाइट जागा धरली तर:
दर ३० मीटरला एक बिंदू: सुमारे १ कोटी ९० लाख बिंदू, ३८ एमबी.
दर १ मीटरला एक बिंदू: सुमारे १,७०५ कोटी बिंदू, ३४ जीबी.
दर १० सेंटिमीटरला एक बिंदू: सुमारे १ लाख ७० हजार कोटी बिंदू, ३,४०० जीबी.

डोंगरच सायकलीखालून सरकतो

चौकटीतला पहिला आकडा पाहून हसू यावे. कळसूबाईच्या १,६४६ मीटरपासून नेवाशाच्या सपाटीपर्यंत सगळ्या जिल्ह्याच्या उंच्या ३८ एमबीत, म्हणजे एखाद्या छोट्या व्हिडिओइतक्या जागेत बसतात. जागा खातात त्या वरच्या गोष्टी: झाडे, दगड, गवत, घरे, सावल्या, पाणी. त्यासाठी इंजिन जिल्ह्याचे चौकोनी तुकडे पाडते आणि सायकलीभोवतीचे तेवढेच तुकडे चालू स्मृतीत ठेवते. ताशी ४० किलोमीटरने जाणारी सायकल अडीचशे मीटरचा तुकडा साडेबावीस सेकंदांत ओलांडते. तेवढ्या वेळात पुढचा तुकडा डिस्कवरून आणायचा, मागचा टाकून द्यायचा. मुक्त जग असे ज्याला म्हणतात ते प्रत्यक्षात तुमच्याभोवती फिरणारे एक मर्यादित आवार असते. त्याची कुंपणे दिसत नाहीत, कारण ती तुमच्याबरोबर सरकतात.

लांबचे डोंगर पुसून टाकता येत नाहीत. रतनगडावरून कळसूबाई दिसलीच पाहिजे. म्हणून प्रत्येक वस्तूच्या दोन-चार प्रती करून ठेवतात, एक भरपूर त्रिकोणांची आणि बाकीच्या क्रमाने ढोबळ. अंतर वाढले की ढोबळ प्रत पुढे येते. अगदी लांबचे झाड म्हणजे तर उभा केलेला सपाट कागद असतो. या तपशिलाच्या उतरंडीला इंजिनवाले एलओडी म्हणतात. सायकल वेगात असली आणि नजर वाटेवर खिळलेली असली, की ही लबाडी सहज खपते. विमानाच्या खेळात ती इतकी खपत नाही, कारण तिथे माणसाला आजूबाजूला पाहायला सवड असते.

आणखी एक अडचण फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. संगणक जागा सांगतो ती एका ठरलेल्या मूळ बिंदूपासूनच्या अंतराने. आपल्या खेळाचा मूळ बिंदू शिंगणापुरातला शनिदेवाचा चौथरा धरू. नेहमीच्या पद्धतीत एका आकड्याला सुमारे सात अंकांपुरतीच अचूकता मिळते. चौथऱ्यापासून शंभर मीटरवर असताना सगळे ठीक. तिथे जागेची सर्वांत लहान पायरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असते. हरिश्चंद्रगडावर पोचल्यावर अंतर होते १,१०,००० मीटर. सहा अंक तिथेच संपले, आणि सर्वांत लहान पायरी झाली जवळजवळ ८ मिलिमीटर. आता सायकल पुढे जाताना आठ-आठ मिलिमीटरच्या उड्या मारते, चाक थरथरते, दांडी हलते, आणि खेळणाऱ्याला वाटते यंत्र बिघडले. यावरचा प्रचलित तोडगा गमतीदार आहे. सायकल फार लांब गेली की सगळे जग उचलून उलट्या दिशेने सरकवतात, म्हणजे सायकल पुन्हा शून्याजवळ येते. पडद्यावर काहीच जाणवत नाही. हिशेबात मात्र खेळणारा हरिश्चंद्रगडाला जात नाही, हरिश्चंद्रगड त्याच्याकडे येतो.

चाकाला काय कळते

इथपर्यंतच्या सगळ्या युक्त्या डोळ्यांसाठी होत्या. चाकाचा व्यवहार वेगळा आहे. डोंगरी सायकलीचे मोठे चाक २९ इंची, म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटर व्यासाचे. तीस मीटरचा चढउतार सायकलस्वाराला कळतो तो पायांतून. हँडलला धक्का बसतो तो मुठीएवढ्या दगडाने, बोटभर खोल घळीने, उघड्या पडलेल्या मुळीने. उपग्रहाच्या दोन बिंदूंमधल्या तीस मीटरांत अशा शेकडो गोष्टी असू शकतात, आणि खेळ चांगला की कंटाळवाणा हे त्याच ठरवतात. नुसत्या हाइटमॅपवरून सायकल सोडली तर ती घसरगुंडीवरून जावी तशी गुळगुळीत उतरेल. दिसेल हरिश्चंद्रगड, वाटेल सिमेंटचा रस्ता.

बारीक दगड घातले की हिशेबाचा वेग आड येतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे येतात. ताशी ४० किलोमीटरने जाणारी सायकल एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत साडेअठरा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. चाकाच्या आसापासून खाली एक काल्पनिक रेघ सोडायची आणि ती जमिनीला कुठे लागते ते पाहायचे, ही स्वस्त पद्धत. तीत दहा सेंटिमीटरचा दगड दोन तपासण्यांच्या मध्ये राहून जातो, आणि चाक त्याच्यातून भुतासारखे पार होते. म्हणून चित्र काढण्यापेक्षा जास्त वेळा, सेकंदाला १२० किंवा त्याहून अधिक वेळा, चाकाचा हिशेब करतात, आणि एका रेघेऐवजी चाकाचा पुरा आकार जमिनीशी भिडवतात.

मग येते पकड. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तो सुटा मुरूम, उन्हात तापलेला कोरडा कातळ, श्रावणात शेवाळलेला तोच कातळ, वाळल्या गवताखालची माती: चारही ठिकाणी ब्रेक वेगळा लागतो. खेळात प्रत्येक पृष्ठभागाला घर्षणाचा आकडा द्यावा लागतो आणि कुठे कोणता पृष्ठभाग आहे याचा निराळा नकाशा रंगवावा लागतो. उंचीच्या तक्त्यात यातले काही नसते. उपग्रहाच्या छायाचित्रात रंग असतो, पण तपकिरी डाग घसाऱ्याचा की वाळल्या गवताचा हे चाकाखाली आल्याशिवाय कळत नाही.

तोल मात्र खेळवाले बिनदिक्कत फसवतात. चालती सायकल स्वतःहून उभी कशी राहते हा पदार्थविज्ञानातला जुना पेच आहे. २०११ साली अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम आणि पुढचे चाक वळणाऱ्या आसाच्या रेषेमागे जमिनीला टेकणे ही दोन्ही रूढ कारणे काढून टाकली तरी सायकल तोल सावरू शकते. या पेचात पडायला गेमवाल्याला वेळ नाही. तो एक अदृश्य हात सायकलीला धरून ठेवतो, आणि ठरावीक धक्का किंवा ठरावीक कल ओलांडला की सोडून देतो. बोटाएवढ्या दोन कळांवर खरा तोल सांभाळायला लावला तर पहिल्याच वळणावर माणूस कंट्रोलर ठेवून देईल. मला ही फसवणूक रास्त वाटते. वाटेवरचा दगड खोटा नसावा; पडण्याचा नियम खोटा असला तरी चालतो.

पण ड्रोन आहेत ना?

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की उपग्रह जुना झाला, आता ड्रोन आहेत. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकत पत्रिका देणे सुरू झाले. मग डोंगर का नाही? आक्षेप वजनदार आहे. ड्रोनवरच्या लेझर मोजणीने दहा सेंटिमीटरची जाळी खरोखर मिळू शकते. हरिश्चंद्रगडाच्या आसपासचा दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद एवढाच परिसर घेतला तर नुसत्या उंच्यांचे २० जीबी होतील, आणि तेवढे आजच्या डिस्कला झेपते. पण मोजणी संपते तिथे काम सुरू होते. ड्रोन आणतो तो कोट्यवधी बिंदूंचा ढग. त्यातला कुठला बिंदू खडकाचा, कुठला कारवीच्या झुडपाचा, चाकाने कशाला धडकावे आणि कशातून सळसळत जावे, हे कुणीतरी ठरवायचे असते. गर्द कारवीत लेझरचे थोडेच किरण मातीपर्यंत पोचतात, आणि पायवाट असते ती नेमकी तिथेच. कायद्याचीही बाजू आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडवी एक मीटर आणि उभी तीन मीटर यांहून बारीक अचूकतेची मोजणी देशात फक्त भारतीय संस्था करू शकतात. परदेशी कंपनीला ती इथल्याच कुणाकडून घ्यावी लागेल.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट आहे: मोजायचेच कशाला, गणिताने डोंगर रचावा. हेही होते. १९८०च्या दशकात केन पर्लिन यांनी शोधलेली एक रीत आजही डोंगर, ढग, लाकडाच्या रेषा यांसाठी वापरतात. तिच्यासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. नेदरलँड्समधल्या रेजस्क्विडचा ‘डिसेंडर्स’ हा डोंगरी सायकलींचा खेळ २०१९ मध्ये पूर्ण रूपात आला, आणि त्यात दर वेळी उतार नव्याने रचला जातो. पण त्याच खेळात खेळणाऱ्यांना स्वतः पार्क बांधायची मुभा मिळताच त्यांनी ते हौसेने बांधले, ही गोष्ट मला बोलकी वाटते. त्याच वर्षी आलेल्या ‘लोनली माउंटन्स: डाउनहिल’ मध्ये तर, तो ओपन वर्ल्ड नसला तरी, डोंगर कल्पनेचे, जाड्याभरड्या त्रिकोणांचे, आणि वाटा हाताने रचलेल्या. डोळ्यांचा डोंगर जवळजवळ टाकून देऊनही तो खेळ जमला, कारण चाकाच्या डोंगरावर मेहनत होती. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला धक्का न लावता पुष्टीच देतो. गणिताचा डोंगर चालेल. त्याला हरिश्चंद्रगड हे नाव देऊ नये, एवढेच.

सुरुवात करायची तर

अशा खेळाला लागणारी माणसे लांबची नाहीत. युबिसॉफ्टचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे, आणि २०२० मध्ये गाजलेला ‘राजी’ हा खेळ पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. शिकणाऱ्यासाठी तर खर्चही नाही: कार्टोसॅटच्या तीस मीटरच्या उंच्या इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि त्रिमिती आकार घडवायचे ब्लेंडर व खेळाचे इंजिन गोडो ही साधनेही फुकट आहेत. ज्यांना हात घालून पाहायचा आहे त्यांनी जिल्हा घेऊ नये, तालुकाही घेऊ नये. एखादी सोंड घ्यावी, तिच्यावरची पाचशे मीटरची वाट चालून दगड, घसारा, मुळ्या यांची नोंद करावी आणि तेवढीच पडद्यावर आणावी. अकोल्यातला बराचसा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे सायकल नेण्यापूर्वी किंवा ड्रोन उडवण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.